‘आत्ता’ नेमकं कधी?

१९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत त्यावर आपटून सुमारे अडीच सेकंदांनी परत येतो. मग झोत चंद्रावर पोचला तो क्षण कोणता? आपण म्हणतो, निघाल्यापासून सव्वा सेकंदाने. बेरीज करून निम्मं केलं, की झालं. पण तिथे घड्याळ घेऊन कुणी उभं नव्हतं. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला, हे आपण धरून चाललो.

१९०५ साली, बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत असताना, आइनस्टाइन यांनी हेच ‘निम्मं’ समकालिकतेची व्याख्या म्हणून मांडलं. एका घड्याळापासून प्रकाश पाठवा, दुसऱ्यावरून तो परत येऊ द्या. जाण्यायेण्याच्या वेळांच्या बरोबर मधला क्षण दुसरं घड्याळ दाखवत असेल, तर दोन्ही जुळलेली. त्याआधी काही वर्षं फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनीही प्रकाशाच्या संकेतांनी घड्याळं जुळवण्याचा विचार केला होता. आइनस्टाइन यांनी मात्र ठामपणे सांगितलं की दूरच्या दोन घटना ‘एकाच वेळी’ घडल्या या म्हणण्याला असं जुळवून घेतल्याखेरीज अर्थच नाही.

आता धावत्या गाडीच्या डब्याच्या बरोबर मध्यावर दिवा चमकवू. डब्यातल्या प्रवाशांच्या दृष्टीने प्रकाश दोन्ही टोकांना एकदमच पोचतो, आणि त्या क्षणी ते दोन्ही टोकांची घड्याळं शून्यावरून सुरू करतात. फलाटावरच्या माणसालाही प्रकाशाचा वेग तोच मिळतो, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. पण त्याच्या लेखी डब्याचं मागचं टोक प्रकाशाच्या सामोरं येतंय आणि पुढचं टोक त्याच्यापासून पळतंय. साहजिकच मागचं घड्याळ आधी सुरू झालं, पुढचं नंतर. प्रवाशांनी अगदी काटेकोर जुळवलेली घड्याळं फलाटावरून पाहिली तर जुळलेली नाहीतच!

इथे बरेच वाचक अडखळतात. ‘प्रकाश डोळ्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून तसं दिसतं’, असं त्यांना वाटतं. तसं मुळीच नाही, आणि हा गैरसमज दूर झाल्याशिवाय पुढचं काहीच उमगणार नाही. प्रकाशाच्या प्रवासाला लागलेला वेळ फलाटावरच्या माणसाने आधीच वजा केला आहे. तो हिशेब चोख करूनही फरक उरतोच, आणि दोघांपैकी चूक कुणाचीच नसते.

फरक किती, तर गाडीचा वेग गुणिले घड्याळांमधलं अंतर, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. ताशी १०८ किलोमीटरने धावणाऱ्या ३०० मीटर लांब गाडीत तो एका सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग भरतो. रोजच्या व्यवहारात तो कधीच जाणवला नाही, यात नवल ते काय! पण सूत्रात अंतरही आहे, आणि अंतर वाढलं की फरक वाढतो. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तुम्ही बाकावर बसला आहात आणि मी तुमच्या शेजारून ताशी पाच किलोमीटरने तिच्या दिशेने चालत जातोय. तिथे ‘आत्ता’ काय चाललंय, याचा माझा क्षण तुमच्यापेक्षा चार दिवसांहून थोडा पुढचा असतो. निव्वळ चालण्यामुळे! मला आजही हे पुन्हा आकडेमोड करून पाहावंसं वाटतं.

यामुळे कार्यकारणभाव कोसळत नाही. ज्या दोन घटनांमध्ये प्रकाशही वेळेत पोचू शकत नाही, फक्त त्यांचाच क्रम निरीक्षकागणिक बदलतो. बी पेरलं आणि अंकुर फुटला, हा क्रम कुणासाठीच उलटत नाही.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आणखी एक पेच पडतो. विषुववृत्तावर शेजारशेजारची घड्याळं याच पद्धतीने एकाला एक जुळवत गेलो आणि पूर्ण फेरा मारून पहिल्यापाशी आलो, तर शेवटचं घड्याळ पहिल्याशी जुळत नाही. तफावत येते सुमारे २०७ नॅनोसेकंदांची. तेवढ्यात प्रकाश ६२ मीटर जातो. जागा दाखवणाऱ्या उपग्रहांना एवढी चूक परवडत नाही. म्हणून जीपीएसची घड्याळं फिरत्या जमिनीच्या हिशेबाने जुळवलेली नसतात. पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेली, पण तिच्याबरोबर न फिरणारी एक चौकट कल्पून तिच्यातला ‘आत्ता’ सगळ्या उपग्रहांसाठी ठरवून घेतलेला असतो.