इब्लिस फरिश्ता होता का?

मुंब्रा-राबोडीच्या बाजूला इफ्तारला गेलेल्या शेजाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं: सैतान, म्हणजे कुराणातला इब्लिस, हा बंड केलेला फरिश्ता (देवदूत). कुराणातल्या 18व्या सूरेची (अध्यायाची) 50वी आयत (वचन) स्पष्ट सांगते, इब्लिस जिन्नांपैकी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांपैकी होता. घोळ होतो सजद्याच्या प्रसंगामुळे: आदमपुढे सजदा करण्याचा, म्हणजे माथा टेकण्याचा हुकूम फरिश्त्यांना, नकार इब्लिसचा. म्हणून काही जुने भाष्यकारही त्याला फरिश्त्यांत धरत. पण फरिश्ते नूरापासून (प्रकाशापासून) घडलेले, जिन्न आगीपासून. आणि फरिश्ते अल्लाहचा हुकूम मोडतच नाहीत (सूरा 66, आयत 6). जिन्नांना माणसासारखी निवड असते.

फरिश्ते जेवतही नाहीत. पैगंबर हजरत इब्राहिमांनी पाहुण्यांपुढे, ते फरिश्ते आहेत हे न कळल्याने, भाजलेलं वासरू ठेवलं. एकाचाही हात ताटाकडे जाईना, तेव्हा इब्राहिम मनातून चपापले (11:69-70).