ब्रासभर मातीत माती किती?

मृग नक्षत्र जवळ आले की कोल्हापूरच्या उपनगरांतून मातीच्या ट्रॉल्या फिरताना दिसू लागतात. नवे घर बांधून झालेले असते, मागच्या अंगणात खडी आणि विटांचे तुकडे पसरलेले असतात, आणि पाऊस लागण्यापूर्वी तेथे दोन-चार वाफे भरून घ्यावेत असे घरातल्या कोणाच्या तरी मनात येते. ट्रॉलीवाला विचारतो, "किती टाकायची? एक ब्रास का दोन?" बहुतेक जण जागेवरून एकदा नजर फिरवून उत्तर देतात. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन उत्तर दिले होते. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद जागा, तीत आठ इंच माती. म्हणजे बरोबर २०० घनफूट, बरोबर दोन ब्रास. माती आली, पसरली, आठ इंच भरली. पुढे गणपती बसले, तोवर मातीही बसली होती, आणि पट्टी लावून पाहिली तर थर साडेसहा इंचांच्याही खाली गेला होता. माझा गुणाकार चुकला नव्हता आणि ट्रॉलीवाल्याने मापातही मारले नव्हते. माती ही लाकडाच्या ठोकळ्यासारखी भरीव वस्तू आहे असे मी गृहीत धरले होते, तेथे चूक होती.

हिशेबाची सोपी बाजू आधी उरकून घेऊ. आपल्याकडे वाळू, मुरूम आणि माती ज्या ब्रासने विकली जाते तो १०० घनफुटांचा, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटरचा असतो. जागेची लांबी व रुंदी फुटांत आणि थराची जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १२०० ने भागावे. उत्तर थेट ब्रासमध्ये मिळते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यामुळे गुंठाभर जागेवर एक इंचाचा थर द्यायला सुमारे ९१ घनफूट माती लागते, आणि 'गुंठ्याला इंचामागे एक ब्रास' एवढे लक्षात ठेवले तरी तोंडी अंदाज बांधता येतो. मीटरमध्ये मोजणाऱ्याचे काम त्याहून सोपे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे एक लिटर. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात त्यामागेही हेच गणित आहे. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ज्यांनी घरातला गाळ उपसला, त्यांना हे वेगळे सांगायला नको: दहा बाय दहा फुटांच्या खोलीत दोन सेंटिमीटर गाळ राहिला, तरी तो जवळजवळ १८५ लिटर भरतो.

जागा वेडीवाकडी असेल तर तिचे आयत पाडावेत, किंवा ठरावीक अंतराने पाच-सहा ठिकाणी रुंदी मोजून सरासरी घ्यावी. परसबागेला तेवढे पुरते.

आलेला माल मोजण्याची युक्ती मात्र जाणून घेण्याजोगी आहे. ट्रॉलीत माल असतानाच टेप लावणे उत्तम. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद हौद वीस इंचांपर्यंत सपाट भरला असेल तर एक ब्रास होतो. पण माती उपडी झाल्यावर समोर उरतो तो शंकूच्या आकाराचा ढीग, आणि त्याच्या मध्यात शिरून त्रिज्या मोजता येत नाही. अशा वेळी दोरीने ढिगाचा तळाचा घेर मोजावा, घेराचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे आणि ३८ ने भागावे. शंकूच्या घनफळाच्या सूत्रात त्रिज्येऐवजी घेर घातला की छेदात १२ गुणिले पाय (π), म्हणजे ३७.७ ही संख्या येते, तिचाच हा गोळाबेरीज आकडा. घेर ३२ फूट आणि उंची साडेतीन फूट असेल, तर हिशेब ९४ घनफुटांपर्यंत जातो. ढिगाचा माथा गोलसर आणि कड विस्कटलेली असते हे लक्षात घेता त्याला ब्रासभर म्हणायला हरकत नाही.

आता अवघड बाजू. मातीतील खनिजकणांची घनता साधारण २.६५ असते, म्हणजे पोकळी अजिबात नसलेला एक लिटर खनिज २.६५ किलो भरेल. बागेतली एक लिटर कोरडी माती तोलली तर ती साधारण १.३ किलो भरते. याचा अर्थ, त्या लिटरमधली निम्मी जागा कणांनी व्यापलेली आहे आणि उरलेल्या निम्म्या जागेत हवा किंवा पाणी आहे. ब्रासभर मातीत खरी 'माती' अशी पन्नास घनफुटांच्या आसपासच असते. ही फसवणूक नव्हे. मुळांना श्वास घ्यायला आणि पाणी धरून ठेवायला ती पोकळीच कामी येते, आणि ती नसेल तर वाफ्याची विटेसारखी गच्च ढेप होईल. अडचण एवढीच, की ही पोकळी स्थिर राहत नाही.

कोल्हापूरकराला हे पाहायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, कोणत्याही तालमीत पहाटे डोकावले तरी पुरे. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मुरवलेली आखाड्यातली तांबडी माती मेहनतीपूर्वी फावड्याने उकरतात, तेव्हा तिची पातळी वर येते. जोडी लागून तासभर कुस्त्या झाल्या की तीच माती दबून खाली जाते. आखाड्यात बाहेरून मूठभर माती आलेली नसते आणि तेथून गेलेलीही नसते. कणांमधली हवा तेवढी आत-बाहेर होते. शेतातून खोदून ट्रॉलीत भरलेली माती ही अशीच उकरलेली माती असते. साधी माती खोदल्यावर सुमारे चतुर्थांशाने फुगते, चिकणमाती त्याहूनही अधिक फुगते, आणि आपण जो ब्रास विकत घेतो तो या फुगलेल्या अवस्थेतला असतो.

वाफ्यात पडल्यावर पाऊस हे फुगलेपण उतरवतो. थेंबांच्या माऱ्याने ढेकळे फुटतात, बारीक कण मोठ्या कणांच्या फटींत वाहून जातात, आणि माती वाळू लागली की कणांभोवतीचा पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना एकमेकांकडे ओढतो. आपल्या जिल्ह्यात मातीच्या जातीप्रमाणे याचे प्रमाण बदलते. पश्चिमेकडच्या घाटमाथ्याजवळील जांभ्याच्या तांबड्या मातीतील चिकणकण पाण्याने फारसे फुगत नाहीत. ती बसते, पण एकदा बसली की बऱ्यापैकी स्थिर राहते. शिरोळ-हातकणंगलेकडच्या काळ्या मातीतील चिकणखनिजाच्या पापुद्र्यांमध्ये मात्र पाणी शिरते, त्यामुळे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात येते ती ढेकळांची काळी माती, आणि ढेकळांमधल्या फटींमुळे ट्रॉली भरल्यासारखी दिसते. पहिल्या दोन जोरदार पावसांत ढेकळे विरघळली की थर डोळ्यांदेखत खाली जातो. काळ्या मातीचा वाफा मेमध्ये मोजा आणि ऑगस्टमध्ये मोजा, दोन उत्तरे येतील.

सैल टाकलेली माती पावसाळ्याअखेर साधारण पंधरा ते पंचवीस टक्के बसते असे धरून चालावे. येथे एक बारीक खोच आहे. माती वीस टक्के बसणार असेल तर वीस टक्के जास्त मागवून भागत नाही. मला बसलेला थर आठ इंच हवा असेल, तर २०० घनफुटांना ०.८ ने भागायला हवे; उत्तर २५० येते, म्हणजे दोनऐवजी अडीच ब्रास, पंचवीस टक्के जास्त. महागाई वाढताना आणि सवलत मिळताना टक्केवारी जी गंमत करते, तीच येथेही आहे.

माती, शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण करणाऱ्यांना पोकळी आणखी एका प्रकारे चकवते. स्वयंपाकघरात एक वाटी शेंगदाणे आणि एक वाटी रवा घेऊन एकत्र हलवून पाहावे. मिश्रण दोन वाट्या न भरता दीड वाटीच्या थोडे वर भरते, कारण रवा शेंगदाण्यांच्या फटींत जाऊन बसतो. दोन घमेली माती, एक घमेले शेणखत आणि एक घमेले वाळू यांचेही चार घमेली होत नाहीत. शिवाय शेणखत कुजत जाते, तेव्हा त्याचा वाटा वर्षभरात आपोआप घटतो. ती तूट दरवर्षी वरून खत घालून भरावी लागते, मूळ हिशेबात ती आगाऊ धरण्यात अर्थ नाही.

वाळूचे वागणे तर उलटेच. किंचित ओलसर वाळूचे कण पाण्याच्या पापुद्र्यामुळे एकमेकांपासून दूर राहतात आणि तिचे आकारमान पाव हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाढते. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली वाळू मात्र कमी जागा घेते. जुने गवंडी याची परीक्षा काचेच्या बरणीत करतात. ओलसर वाळूने बरणी काठोकाठ भरून वरून पाणी ओतले की वाळूची पातळी बोट-दोन बोटे खाली उतरते, आणि तेवढी वाळू पैसे देऊनही आपल्याला मिळालेली नसते.

मग वजनावर माती घ्यावी का? पावसाळ्यात तरी घेऊ नये. ब्रासभर कोरडी माती साडेतीन टनांच्या आसपास भरते, भिजलेली साडेचार टनांच्या पुढे जाते, आणि वरचा टनभर भाग निव्वळ पाणी असतो. वजनाचा विचार करायचा तो गच्चीवर बाग करताना. सहा इंच जाडीचा भिजलेल्या मातीचा थर चौरस मीटरला २४० किलोंच्या घरात जातो, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार जो चल भार, म्हणजे माणसे-सामान यांचा बदलता भार, धरतात तो चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणून सबंध गच्चीवर माती पसरण्याचा बेत अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. कुंड्या ठेवायच्या असतील तर त्यांचे माप नीट घ्यावे. तोंडाशी बारा इंच, तळाशी आठ इंच आणि उंचीला बारा इंच अशा कुंडीत, ती सरळ नळकांडे समजून केलेला हिशेब २२ लिटर सांगतो. प्रत्यक्षात निमुळतेपणामुळे साडेपंधरा लिटरच माती मावते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात सुमारे ३५ लिटर बसते, तेव्हा एका पोत्यात अशा दोन कुंड्या आरामात होतात आणि ब्रासभरात ऐंशी पोती.

आच्छादनाचा, म्हणजे मातीवर पसरायच्या पाचोळ्याच्या थराचा, हिशेब सूत्राने तोच असला, तरी त्यात अचूकता कोठे लागते हे पाहण्यासारखे आहे. आठ इंचांच्या थरात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर चूक सहा टक्क्यांची. दोन इंचांच्या आच्छादनात तोच अर्धा इंच पंचवीस टक्के चूक करतो. म्हणजे जागेची लांबी सुतासुताने मोजण्यात वेळ घालवण्यापेक्षा जाडी दहा ठिकाणी सळई खुपसून पाहणे शहाणपणाचे. माझ्या ३०० चौरस फुटांच्या वाफ्याला तीन इंच थरासाठी ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास किंवा साठेक पोती पालापाचोळा लागतो. हा आकडा ऐकून लोक दचकतात, कारण झाडून गोळा केलेला अंगणभरचा पाला दोन पोत्यांतच संपतो.

तीन इंचच का? जमिनीतील पाणी केशाकर्षणाने बारीक छिद्रांतून वर चढते. पाचोळ्याच्या मोठ्या फटींपाशी ही चढण तुटते. तेथून पुढे पाण्याला वाफ होऊन थबकलेल्या हवेतून हळूहळू बाहेर पडावे लागते, आणि ऊन व वारा जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. पहिल्या दोन इंचांत हा फायदा झपाट्याने वाढतो, तणाला अंधार मिळतो. चार इंचांच्या पुढे वाढवत नेले तर फायदा फारसा वाढत नाही, उलट श्रावणातल्या हलक्या सरी वरच्या वर पाचोळ्यातच मुरतात आणि माती कोरडी राहते.

आपल्या भागात आच्छादनाला सर्वांत हाताशी असलेली वस्तू म्हणजे उसाचे पाचट. ऊसतोडीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात उरते, आणि ते पेटवण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही. हेच प्रमाण बागेच्या मापात आणले तर चौरस मीटरला ८०० ग्रॅम ते १ किलो येते. पाचट इतके फोफसे असते की त्याचे घनफळ मोजण्यात अर्थ नसतो; ताज्या भाऱ्याचे पायाने दाबल्यावर निम्मे होते आणि महिन्याभरात आणखी बसते. म्हणून येथे वजनाचा काटाच कामाचा. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन दोरीने आखून त्यात किलोभर पाचट पसरावे, चार दिवसांनी त्याची जाडी पाहावी, आणि ती पुरेशी वाटली नाही तर दीड किलो करून पाहावे. तो ठरलेला आकडा सबंध जागेच्या चौरस मीटरांनी गुणला की किती भारे मागवायचे ते कळते. पाचटात नत्र फार कमी असल्यामुळे ते मातीत मिसळू नये, वरच राहू द्यावे. मिसळले तर ते कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. खोडाभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी सोडावी, कारण तेथे ओल धरून राहिली तर साल कुजते आणि वाळवीला आयता आसरा मिळतो.