एम.ए., एम.एस्सी., एम.टेक.ला सरकारी स्कॉलरशिप: पैसे किती, जागा किती आणि फॉर्म नेमका कुठे अडकतो

दरवर्षी चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की आमच्या गोव्यातल्या वाड्यावरची चार-पाच मुलं प्लास्टिकच्या फोल्डरात कागद घालून येतात, "दादा, तेवढा स्कॉलरशिपचा फॉर्म बघ ना" म्हणत, आणि दरवर्षी त्यातल्या एखाद्याचा तरी रिजेक्ट होतोच. कारणं तीच तीच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. हे पदवीनंतर शिकणाऱ्यांसाठी आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण "पात्र आहे म्हणजे मिळणारच" हे बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एससी-एसटीच्या पोस्ट मॅट्रिकला (दहावीनंतरच्या शिक्षणाची स्कॉलरशिप) मेरिट लिस्ट नसते, आईवडिलांचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत हवं. पण यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पीजीसाठीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची नॅशनल स्कॉलरशिप घ्या, देशभरात मिळून वर्षाला १०,००० जागा, म्हणजे आपला पोरगा गोवा विद्यापीठात पहिला आला तरी स्पर्धा अख्ख्या देशाशी, तीही पदवीच्या मार्कांवर. महिना १५,००० रुपये, दोन वर्षं, वय ३० पर्यंत, डिस्टन्सवाल्यांना नाही. आणि वर्षातून १० महिनेच मिळतात हे कोण वाचतच नाही. बारा महिन्यांचा हिशेब करून पुण्यात फ्लॅट घेतात आणि मे महिन्यात घरी फोन करतात.

एम.टेक.ला गेट (त्याची देशपातळीवरची परीक्षा) देऊन गेलेल्यांना महिना १२,४००, जास्तीत जास्त २४ महिने. थिसिस राहिला, गाईड सुट्टीवर गेला, काहीही होवो, २४ संपले की संपले. शिवाय अ‍ॅडमिशन घेताना गेटचा स्कोअर व्हॅलिड असायला हवा, नंतर देऊन चालत नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त मुलं फसतात ती सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप. पदवीला वर्षाला १२,००० आणि पीजीला २०,००० असं वाचून एम.ए.ला गेल्यावर नवीन फॉर्म भरायला बसतात. अरे बाबांनो, ही बारावीच्या मार्कांवर मिळते, बोर्डाच्या पहिल्या २० टक्क्यांत यावं लागतं, घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीच्या पहिल्या वर्षाला मिळाली असेल तर तीच रिन्यू होत पीजीपर्यंत येते, तिकडे नसेल तर पीजीला तिचं नाव काढू नका. रिन्यूला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी. सगळ्या देशात ८२,००० नवीन जागा, त्या राज्यांत तरुणांच्या लोकसंख्येप्रमाणे वाटलेल्या, तर गोव्याच्या वाट्याला किती येणार ते तुम्हीच बघा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी नॅशनल ओव्हरसीज आहे, सामाजिक न्याय खात्याकडे १२५ जागा आणि आदिवासी खात्याकडे फक्त २०. त्यातही २०२५ साली सामाजिक न्याय खात्याने १०६ जण निवडले आणि सुरुवातीला पत्रं दिली ४० जणांना, बाकीच्यांना सांगितलं निधी असेल तसं बघू. निवड झाली म्हणून नोकरीचा राजीनामा देऊ नका, हातात पत्र येऊ द्या.

आता कागद. मार्कशीट, फी पावती, बोनाफाईड हे सगळ्यांकडे असतं, त्याबद्दल लिहीत बसत नाही.

गोव्यात खरी पंचाईत नावाची. गेल्या वर्षी सत्तरीकडची एक मुलगी आली, एम.एस्सी.ला होती, भर पावसात स्कूटरवरून, फोल्डर जॅकेटच्या आत घातलेलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव गावकर, इंग्रजीत 'जी ए ओ'. आधारवर 'जी ए यू'. आणि आजोबांच्या जुन्या नोंदीत पोर्तुगीज पद्धतीने शेवटी 'के'च्या जागी 'सी', त्यावरून वडिलांचा जातीचा दाखला काढलेला, म्हणजे तिथे तिसरंच स्पेलिंग. एका माणसाची तीन आडनावं! पोर्टल, म्हणजे फॉर्म भरायची सरकारी वेबसाइट, आधारवरचं नाव उचलतं आणि दाखल्याशी जुळलं नाही की फॉर्म तपासणारा माणूस तो परत पाठवतो, त्याचीही चूक नाही म्हणा. यावर उपाय मामलेदार कचेरीतलं डायव्हर्जन्स सर्टिफिकेट, म्हणजे ही वेगवेगळी नावं एकाच माणसाची असं सांगणारा दाखला, पण ते एका दिवसात होत नाही. फॉर्म सुरू व्हायची वाट न बघता मे-जूनमध्येच काढून ठेवा. जातीचा दाखला नवीन काढायचा असेल तर तो उपजिल्हाधिकाऱ्याकडे, मामलेदाराकडे चकरा मारू नका. आणि राज्य सरकारच्या बऱ्याच योजनांना १५ वर्षांचा रहिवासी दाखलाही लागतो, तो वेळ खातो.

उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो, गेल्या वर्षी भावाला काढलेला जोडू नका. बाबा तारवटी असतील, सहा महिने बोटीवर नि सहा महिने घरी, तर आत्ता घरी आहेत म्हणून उत्पन्न शून्य असं होत नाही.

बाहेर शिकणाऱ्यांनी डोमिसाईलच्या जागी गोवाच टाकायचं. कॉलेज कोल्हापुरात आहे म्हणून महाराष्ट्र निवडलं की फॉर्म भलत्याच खात्याकडे जातो आणि दोन्ही राज्यं हात वर करतात.

बँकेचं तर विचारूच नका. माझ्या भाचीचे पैसे सहा महिने आले नाहीत, बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या बाईने स्क्रीनकडे न बघताच "आधार लिंक आहे" म्हणून सांगितलं. लिंक होतं, सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी ते खातं जोडणं, नव्हतं! केवायसीला आधार दिलं म्हणजे सरकारी पैसे त्या खात्यात येतील असं नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो, आणि पैसे शेवटी ज्या खात्याला सीडिंग केलंय तिकडे जातात, मग ते खातं तुम्ही विसरलेलं असो. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं, आधी ते बघा. खातं स्वतःच्या नावाचं हवं, गावच्या पतसंस्थेचं चालत नाही.

आणि शेवटी तारीख. पोर्टलवर एक तारीख मुलांची असते, मग कॉलेजच्या व्हेरिफिकेशनची वेगळी, मग वरच्या खात्याची वेगळी. मुलं वरच्या खात्याची तारीख वाचतात नि अजून महिना आहे म्हणून गप्प राहतात. बरं, सबमिट केलं म्हणजे झालं असंही नाही. कॉलेजने चूक काढली की फॉर्म 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत येतो, तो ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचा असतो, आणि मेसेज जातो रजिस्ट्रेशनला दिलेल्या नंबरवर, जो बहुतेकांचा जुना, बंद पडलेला असतो. तेव्हा नंबर बदललात तर तिथेही बदला, आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून स्टेटस बघा, आणि कॉलेजात ज्या मॅडम व्हेरिफाय करतात त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून या, त्यांच्या टेबलावर तुमच्यासारखे शंभर फॉर्म असतात आणि वर्गही घ्यायचे असतात.