एका बटणावर दोन बोटं

दुपारी दोनच्या सुमारास साइटवर लॉगिन होईना. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर १६ जीबी मेमरीपैकी जवळजवळ सात जीबी मोकळी, प्रोसेसर निवांत, डिस्कवर भरपूर जागा. आणि रेडिसच्या लॉगमध्ये पुन्हा पुन्हा तीच ओळ: 'कान्ट सेव्ह इन बॅकग्राउंड: फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी'. सात जीबी रिकामी असताना मेमरी मिळत नाही म्हणजे काय?

घोळ माझाच होता. जेवायला जाण्याआधी मी डेटाबेसच्या भल्यासाठी कर्नलची एक सेटिंग बदलली होती. त्याच मशीनवर आणखी कुणी राहतं, हे त्या वेळी डोक्यातच नव्हतं.

मशीनवर दोन बिऱ्हाडं होती. एक पोस्टग्रेस, म्हणजे कायमचा हिशेब ठेवणारा डेटाबेस. दुसरं रेडिस. ते सगळा डेटा मेमरीतच ठेवतं, म्हणून अतिशय चपळ, आणि लॉगिन केलेल्यांची नोंद त्याच्याकडे. दोघांच्या वर लिनक्सचा एकच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुणाला किती मेमरी, कुणाचं काम आधी, हे तो ठरवतो, आणि त्याच्या वागण्याच्या शेकडो सेटिंग्ज बाहेरून बदलता येतात. बदल लागू होतो तो सगळ्या मशीनला.

मी बदललेली सेटिंग होती मेमरीच्या ओव्हरकमिटची. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नल लगेच 'हो' म्हणतो, पण प्रत्यक्ष मेमरी देतो ती प्रोग्रॅम तिथे काही लिहायला लागल्यावर. लग्नाच्या पाचशे पत्रिका वाटल्या तरी आचारी साडेतीनशे पानांचाच अंदाज धरतो, तसं. (योगायोगाने मेमरीच्या तुकड्यालाही पानच म्हणतात. एक पान ४ केबीचं.) सेटिंग ० असेल तर कर्नल अंदाजाने चालतो, अगदीच अवास्तव मागणी तेवढी नाकारतो. १ असेल तर कुणालाच नाही म्हणत नाही. २ असेल तर पत्रिका मोजून वाटतो, हिशेबाबाहेर एकही नाही.

अंदाज चुकला आणि खरोखरच सगळे जेवायला आले, तर कर्नल पंगतीतल्या एकाला हाताला धरून उठवतो. म्हणजे एखादी प्रोसेस, चालू असलेला प्रोग्रॅम, मारून टाकतो. या व्यवस्थेचं नाव ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर. पोस्टग्रेसला तिची धास्ती असते. त्याच्या अनेक प्रोसेस एकच सामायिक मेमरी वापरतात. त्यातली एक अचानक मारली गेली तर ती मेमरी शाबूत आहे याची खात्री उरत नाही, म्हणून पोस्टग्रेस सगळी कनेक्शन्स तोडून स्वतःला सावरायला घेतं. त्यामुळे त्याची अधिकृत माहिती-पुस्तिका २ हा आकडा सुचवते. रेडिस मात्र सुरू होतानाच बजावतं की १ ठेवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बटण एकच.

रेडिसला १ का हवा? ते अधूनमधून मेमरीतला सगळा डेटा डिस्कवर उतरवतं. त्यासाठी ते स्वतःची हुबेहूब जुळी प्रोसेस काढतं, यालाच फोर्क म्हणतात. जुळं लिहीत बसतं, मूळ रेडिस गिऱ्हाईक सांभाळतं. जुळ्यासाठी पानांची नक्कल लगेच होत नाही. मूळ प्रोसेसने एखादं पान बदललं, तरच तेवढ्याची नक्कल काढली जाते. कागदोपत्री मात्र ४ जीबीचे तत्क्षणी ८ होतात.

आता त्या दुपारचा हिशेब मांडा. आकडा २ असला की वाटपाची मर्यादा ठरते ती पूर्ण स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) अधिक मेमरीचा निम्मा भाग, म्हणजे माझ्याकडे २ अधिक ८, एकूण १० जीबी. पोस्टग्रेसचे ४, रेडिसचे ४, इतरांचा एखादा. ९ आधीच वाटलेले. फोर्कने आणखी ४ मागितले, कर्नल नाही म्हणाला. डेटा डिस्कवर उतरत नाहीये हे दिसताच रेडिसने नवं काही लिहून घ्यायलाच नकार दिला. हा त्याचा सावधपणा, आणि एरवी तो मला पटतो. पण लॉगिनची नोंद लिहिता येत नाही म्हणजे लॉगिन बंद.

पानांच्या आकारावरूनही या दोघांचं जमत नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस काढतं, आणि कुठलं पान मेमरीत नेमकं कुठे आहे याची वही प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र लागते. ४ जीबी सामायिक मेमरीत ४ केबीची १०,४८,५७६ पानं बसतात. प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे पूर्ण वही ८ एमबी. शंभर कनेक्शन्सनी सगळी मेमरी चाळली तर नुसत्या वह्यांनाच ८०० एमबी! पान २ एमबीचं केलं तर नोंदी उरतात २,०४८ आणि वही होते १६ केबीची. म्हणून पोस्टग्रेसला मोठी पानं मानवतात.

रेडिसला तीच बाधतात. जुळं डिस्कवर लिहीत असताना एका ग्राहकाची बारीकशी नोंद बदलली, तर ४ केबीऐवजी २ एमबीची नक्कल काढावी लागते, ५१२ पट. ही पानं आपोआप मोठी करण्याची सोय लिनक्समध्ये २०११ साली आली, आणि रेडिसवाले ती बंद करा म्हणून सांगतात. इथे सुदैवाने दोन वेगळी बटणं आहेत. पोस्टग्रेससाठी मोठी पानं आधीच राखून ठेवता येतात, आणि आपोआपची सोय प्रोग्रॅमने स्वतः मागितली तरच, इतकी मर्यादित करता येते. राखलेली पानं मात्र बाकी कुणाला मिळत नाहीत. पोस्टग्रेसला ती काही कारणाने घेता आली नाहीत तर ते मुकाट्याने साध्या पानांवर सुरू होतं, आणि राखीव ४ जीबी आरक्षित डब्यासारखे रिकामे धावत राहतात.

स्वॅपिनेस या सेटिंगबद्दल जितका गैरसमज आहे तितका क्वचितच कशाबद्दल असेल. तिचा मूळ आकडा ६०. मेमरी ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. जागा कमी पडली की बाहेर कुणाला काढायचं, प्रोग्रॅमच्या मेमरीला की फाइलींच्या कॅशला (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या मेमरीतल्या प्रतींना), याचा कल तो आकडा ठरवतो. पोस्टग्रेसची भिस्त फाइलींच्या कॅशवर, रेडिसचा सगळा संसार प्रोग्रॅमच्या मेमरीत. आकडा वाढवा, रेडिस स्वॅपमध्ये जातं. अगदी खाली आणा, पोस्टग्रेसची कॅश आक्रसते.

इंटरनेटवरच्या जुन्या पाककृती जशाच्या तशा चिकटवण्याबद्दल थोडं. नव्या कनेक्शन्सच्या रांगेची कमाल लांबी पूर्वी १२८ होती, म्हणून ती १०२४ करा असं सगळीकडे लिहिलेलं असे. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून ती मुळातच ४०९६ आहे. जुना सल्ला आज पाळला तर रांग चौपटीने आखूड होते.

भांडण सुटतं ते कर्नलचं बटण सोडून दिल्यावर. २००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी प्रोसेसचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी मर्यादा लावण्याचं काम सुरू केलं. सीग्रुप या नावाने ते जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ या आवृत्तीत आलं, आणि २०१६ मध्ये ४.५ आवृत्तीसोबत त्याचा सुधारित अवतार. आजचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळे बंदिस्त चालवायची खोकी, याच पायावर उभे आहेत, पण साध्या सर्व्हिसलाही हे दोन ओळींत लावता येतं.

तर माझ्या मशीनवर ओव्हरकमिट १ वर गेलं, रेडिसचं ऐकून. पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला ओओएम किलरच्या यादीतून उणे १००० गुण देऊन वगळलं. स्वॅपिनेसला हात लावला नाही. रेडिसच्या गटाला स्वॅप शून्य केला, की प्रश्नच मिटला. आणि त्या गटाला मेमरीची मर्यादा घातली पाच जीबी, डेटा चार जीबीचा म्हणून.

ती आठवडाभर टिकली. जुळी प्रोसेसही त्याच गटात मोजली जाते, आणि गर्दीच्या वेळी डिस्कवर लिहिणं चालू असताना बदललेल्या पानांच्या नकला धरून गटाची मेमरी पाच जीबीच्या वर गेली. कर्नलने गटातल्या गटात बळी घेतला. रेडिस पडलं, पुन्हा उठलं. पोस्टग्रेसला पत्ताही लागला नाही. आता मर्यादा सात जीबी आहे, आणि पोस्टग्रेसच्या कॅशची दोन जीबी जागा त्यापायी धरून ठेवावी लागते.