गाईला शेळीची लस

2022 साली लम्पीची साथ पसरली तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव गाई-बैलांना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. रोग गाईचा आणि औषध शेळीचं, हे अनेकांना पटेना. पण दोन्ही विषाणू सख्खे भाऊच म्हणायचे. त्यांच्या डीएनएची अक्षरं शेकडा 96च्या आसपास जुळतात.

हे सगळं पॉक्स विषाणूंचं घराणं. माणसाची देवी यातलीच. (कांजिण्या मात्र नाहीत. त्यांचा विषाणू नागिणीचा.)

बहुतेक डीएनए विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथली यंत्रणा वापरतात. पॉक्स केंद्रकात जातच नाही. तो बाहेरच्या पेशीद्रवात बिऱ्हाड थाटतो. भाड्याच्या खोलीत राहायचं, पण चूल-भांडी स्वतःची, असा प्रकार. डीएनएच्या प्रती काढणारं आणि त्यावरून आरएनए उतरवणारं अशी दोन्ही विकरं (एन्झाइम) तो स्वतःच बनवतो. या विकरांची जनुकं बिघडली तर संसारच आटोपला, म्हणून उत्क्रांतीने त्यांना फारसा हात लावलेला नाही.

किती जुना हा ठेवा? भुईमुगाचा फडशा पाडणाऱ्या केसाळ अळीलाही एक पॉक्स विषाणू बाधतो. ती अळी आणि गाय यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी 2003 साली अनेक पॉक्स विषाणूंचे जीनोम (म्हणजे त्यांचा सगळा डीएनए) शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा किडे आणि प्राणी अशा दोन्हींकडच्या विषाणूंत 49 जनुकं सामायिक निघाली. नुसत्या पृष्ठवंशीयांच्या, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या विषाणूंत तोच आकडा 90च्या घरात जातो.

पृष्ठवंशीयांच्या विषाणूंत ही जनुकं बहुतेक जीनोमच्या मध्यभागी, आणि रांगही जवळपास तीच. खरी गंमत दोन्ही टोकांना आहे. यजमानाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी जनुकं तिथे असतात आणि तिथेच मोडतोड, भर, गळती चालू असते. प्रयोगशाळेत तर असंही दिसलं, की पेशीचा विरोध वाढला की विषाणू एकाच जनुकाच्या प्रती वाढवत नेतो, पेटीचा भाता ताणावा तसा.

लम्पीच्या विषाणूत 156 जनुकं आहेत. त्यांतली नऊ शेळी-मेंढीच्या देवीच्या विषाणूंत मोडकी पडलेली आहेत. त्यामुळेच ते विषाणू गाईला बाधत नसावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.