मासेमारीसाठी कनू सजवताना वजनाचा हिशेब

कनू ही जवळजवळ रिकामी होडी असते. दोन्ही टोकं निमुळती, वर छप्पर नाही, इंजिन नाही, बहुतेक वेळा सुकाणूही नाही. पाचेक मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद कनूचं स्वतःचं वजन ३० ते ४० किलो भरतं. म्हणजे तिच्यात बसणारा माणूस तिच्या दुप्पट जड असतो. मोठ्या जहाजावर एक खलाशी या कडेवरून त्या कडेला गेला तर जहाजाला त्याचा पत्ताही लागत नाही. कनूत मात्र माणूसच मुख्य वजन असतो आणि तो हलला की सगळंच हलतं. म्हणून मासेमारीसाठी कनू सजवायची म्हणजे तिच्यात काय काय भरायचं, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. प्रत्येक वस्तू किती जड आहे, किती उंचावर आहे आणि मध्यरेषेपासून किती लांब आहे, इथून सुरुवात करायला हवी.

होडी कलली की तिचा पाण्याखालचा आकार बदलतो. कललेल्या बाजूचा भाग जास्त बुडतो, त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि होडीला परत सरळ करू पाहतो. या जोराची उभी रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. पिअर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७४६ साली जहाजबांधणीवरच्या ग्रंथात ही कल्पना मांडली. नियम सोपा आहे. होडी आणि माणसं यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेपर्यंत होडी सावरते. तो वर गेला की लहानसा कलही वाढतच जातो.

मेटासेंटर किती उंच असेल हे मुख्यतः पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीवर ठरतं, आणि तेही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. लांबी आणि भार तेच ठेवून रुंदी १० टक्क्यांनी वाढवली, तर सावरण्याच्या क्षमतेतला रुंदीचा वाटा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. मासेमारीसाठी होडी निवडताना लांबीपेक्षा रुंदी आणि तळाचा सपाटपणा बघायचा तो यासाठी.

आता ढोबळ हिशेब करू. ३५ किलोंची कनू, ८० किलोंचा एक माणूस आणि १५ किलोंचं सामान. माणूस आसनावर बसलेला असेल, तर मेटासेंटर आणि गुरुत्वमध्य यांच्यात साधारण ३० सेंटिमीटरचं अंतर राहतं. तोच माणूस उभा राहिला की एकत्रित गुरुत्वमध्य जवळपास तेवढाच वर चढतो आणि हे अंतर शून्याच्या आसपास येतं. कनूत उभं राहून गळ टाकणारे पडत नाहीत, याचं श्रेय होडीला नसून त्यांच्या घोट्यांना, गुडघ्यांना आणि आतल्या कानाला आहे. शरीर क्षणोक्षणी तोल दुरुस्त करत असतं. मोठी लाट किंवा अचानक सुटलेला गळ त्या दुरुस्तीपेक्षा वेगानं आला, की माणूस पाण्यात जातो.

म्हणून सजावटीची सुरुवात आसनापासून करावी. आसन ५ सेंटिमीटर खाली आणलं, तर वरच्या उदाहरणात एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ३ सेंटिमीटर खाली येतो आणि सावरण्याची ताकद दहाएक टक्क्यांनी वाढते. पैसा जवळजवळ लागत नाही, नुसते टेकू बदलायचे. मात्र याला मर्यादा आहे. गुडघे टेकून बसताना पावलं आसनाखाली जातात आणि होडी उलटली तर ती तिथून सहज सुटली पाहिजेत. बूट घालून पाय आत-बाहेर करून बघावेत आणि अडकत असतील तर आसन वर घ्यावं. पाठीला टेकण असलेली उंच, गुबगुबीत खुर्ची बसवण्याचा मोह अनेकांना होतो. दिवसभर बसायला ती बरी वाटते, पण १५ सेंटिमीटरनं उंच झालेलं आसन फार महाग पडतं.

मोठा मासा लागला की होडी उलटेल, ही भीती बहुतेकांना असते. हिशेब वेगळंच सांगतो. ३ किलोंच्या जोरानं आडवी ओढणारा मासा, काठीवर हाताची पकड ६० सेंटिमीटर उंचीवर धरली तर होडीला सुमारे १८ न्यूटन-मीटरचा पीळ (कलवणारा जोर गुणिले त्याचं अंतर) देतो. ८० किलोंचा माणूस जागच्या जागी दोन-अडीच सेंटिमीटर सरकला तरी तेवढाच परिणाम होतो. पण मासा जवळ आल्यावर तोच माणूस काठावरून वाकून हात पाण्यात घालतो, तेव्हा धड, डोकं आणि हात मिळून सुमारे ५० किलो वजन पाव मीटर बाहेर जातं आणि पीळ १२० न्यूटन-मीटरच्या घरात पोचतो. माशाच्या ओढीच्या साडेसहा पट! लांब दांड्याची जाळी हे त्या अर्थानं तोल सांभाळण्याचं साधन आहे. खरेदीच्या यादीत तिला मी काठी ठेवण्याच्या खोबणीच्याही आधी जागा देईन. गळ सोडवायचा चिमटा, आमिषाचा डबा, पाण्याची बाटली या वस्तूही वाकावं न लागता हाताशी याव्यात, अशाच मांडायच्या.

मोकळ्या वस्तूंचं तेच. तळाशी साठलेलं १० लिटर पाणी कलाबरोबर २० सेंटिमीटर सरकलं, तर तेही २० न्यूटन-मीटरचा पीळ देतं आणि तो नेमका चुकीच्या बाजूला असतो. मोकळी पेटी अशीच घरंगळते. पाणी उपसायचं भांडं आणि स्पंज दोन्ही जवळ असावेत, जड पेटी तळाला आणि मध्यरेषेवर बांधलेली असावी.

एवढं करूनही उभं राहायचंच असेल, किंवा सोबत लहान मुलं असतील, तर उलांडी बसवावी. आडव्या दांड्यांवर दोन्ही बाजूंना तरंगते गोळे, एवढीच तिची रचना. १० लिटरचा गोळा मध्यरेषेपासून १ मीटरवर असेल आणि पूर्ण बुडला, तर जवळपास १०० न्यूटन-मीटरचा उलट पीळ मिळतो. वाकून मासा काढणाऱ्याची बरीचशी चूक तो भरून काढू शकतो. गोळे स्थिर पाण्यात पृष्ठभागापासून थोडे वर राहतील असे लावावेत, नाहीतर प्रत्येक वल्ह्याला ते पाणी ओढत राहतात. आसनाच्या थोडं मागे बसवले की वल्ह्याच्या वाटेत येत नाहीत. तोटाही सांगायला हवा. पाणवनस्पतीत ते अडकतात आणि मासा होडीखालून पलीकडे गेला की दोरा त्यांच्यात गुंततो.

आवाजाकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत आणि मला वाटतं मासेमाराचं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. हवेतला आवाज पाण्यात शिरताना बहुतेक सगळा पृष्ठभागावरून परत फिरतो, त्याच्या ऊर्जेचा हजारावा हिस्सा जेमतेम आत जातो. होडीत गप्पा मारल्यानं मासे पळत नाहीत. पण शिशाचं वजन होडीच्या तळावर पडलं, तर तळ थरथरतो आणि ती थरथर थेट पाण्याला मिळते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगानं जातो, हवेतल्यापेक्षा चारपटीनं जास्त.

माशाला तो ऐकू येतो दोन मार्गांनी. अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी पार्श्वरेषा जवळच्या पाण्याची हालचाल टिपते, वल्ह्यामागे उठणारे भोवरे त्यात येतात. दूरचा आवाज आतल्या कानातले चुनखडीसारखे कण पकडतात. कार्प आणि मार्जारमीन (कॅटफिश) यांच्या कुळांत याच्याही पुढची सोय आहे. त्यांच्या वाताशयापासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची साखळी जाते. एर्न्स्ट वेबर यानं १८२० साली तिचं वर्णन केलं. हवेनं भरलेलं वाताशय ध्वनीबरोबर आकुंचन-प्रसरण पावतं आणि ही हाडं तो कंप कानाला पोचवतात, त्यामुळे हे मासे काही हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू शकतात. डब्याचं झाकण आपटल्याचा टणत्कार अगदी त्याच टप्प्यात येतो.

उपाय साधा आहे. पाय ठेवायची जागा, पेटीची जागा आणि वल्हं जिथे टेकतं तो काठ, एवढ्या ठिकाणी ५-६ मिलिमीटर जाडीचा बंद छिद्रांचा फोम चिकटवायचा. नांगराच्या साखळीवर रबरी नळी चढवायची. ॲल्युमिनियमच्या कनूला हे आणखी गरजेचं, कारण पातळ पत्रा नगाऱ्यासारखा वाजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रमन या विमान कंपनीनं ॲल्युमिनियमच्या कनू बनवायला घेतल्या आणि त्या चिवट म्हणून गाजल्या, पण गप्प राहणं त्यांना कधीच जमलं नाही. प्लॅस्टिकचा जाड तळ त्या मानानं बराच शांत असतो.

वाऱ्याकडे वळू. एकटा माणूस मागच्या आसनावर बसला की पुढचं टोक पाण्याबाहेर येतं आणि वारा त्याला हवं तिकडे फिरवतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. काठ आणि माणूस मिळून ०.६ चौरस मीटर पृष्ठभाग वाऱ्यासमोर असेल, तर सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात साधारण ९ न्यूटन जोर पडतो आणि १० मीटरच्या वाऱ्यात ३६. एकट्यासाठी आसन शक्य तितकं मध्याजवळ असावं. ते जमत नसेल तर बॅटरी किंवा पाण्यानं भरलेली पिशवी पुढच्या टोकाकडे न्यावी. पाण्याची पिशवी मला जास्त पसंत आहे. जाताना-येताना रिकामी करता येते आणि होडी बुडाली तरी पाण्यात तिचं ओझं होत नाही.

वाऱ्यानं वाहत जात गळ टाकायचा असेल तर पाण्यातली छत्री उपयोगी पडते. ४० सेंटिमीटर व्यासाची कापडी छत्री सेकंदाला अर्धा मीटर वेगानं ओढली जाताना सुमारे २० न्यूटन अडवते.

नांगराच्या बाबतीत एक चूक जिवावर बेतू शकते. वाहत्या पाण्यात नांगर होडीच्या कुशीला बांधू नये. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. सेकंदाला १ मीटर वेगाचा प्रवाह आडव्या कनूच्या बुडालेल्या भागावर २५० न्यूटनच्या आसपास जोर लावतो. तो दोर ताणतो, ताणलेला दोर तो काठ खाली खेचतो, काठ खाली गेला की पाणी आणखी मोठ्या भागावर आदळतं. हे चक्र सुरू झालं की वेळ मिळत नाही. नांगराचा दोर टोकाकडूनच सुटावा. त्यासाठी काठाला दोन लहान कप्प्या लावून दोरीचा फेरा करतात, म्हणजे बसल्या जागेवरून दोराची कडी टोकापर्यंत सरकवता येते. दोराची लांबी खोलीच्या सातपट सोडली, तर दोर तळाशी जेमतेम ८ अंशांचा कोन करतो आणि नांगर आडवा ओढला जाऊन रुततो. तिप्पटच सोडली तर कोन १९ अंशांवर जातो आणि नांगर उचकटतो. दोर एका झटक्यात सुटेल असाच अडकवावा आणि सुरी अंगावर असावी.

विजेवरच्या मोटारीबद्दल थोडक्यात. ३० पाउंड रेट्याची मोटार सुमारे १३३ न्यूटन जोर देते आणि कनूला ती भरपूर झाली. पाच मीटरची होडी ताशी १० किलोमीटरच्या जवळ आली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, त्यापुढे जोर दुप्पट केला तरी वेग थोडाच वाढतो. मोटार एका बाजूला लावली तर तिचं वजन दुसऱ्या बाजूनं तोलायला विसरू नका.

मासे शोधणाऱ्या सोनारचा ध्वनिशोधक प्लॅस्टिकच्या एकसंध तळाला आतून चिकटवला तरी काम करतो, भोक पाडावं लागत नाही. तळाच्या मध्ये फोमचा थर असेल तर मात्र त्यातली हवा ध्वनी अडवते आणि शोधक बाहेरच लावावा लागतो. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ दाखवतो, म्हणजे पडद्यावरचा मासा अगदी होडीखालीच असेल असं नाही. काठ्यांच्या खोबणीही शक्यतो काठाला पकडीनं बसवाव्यात. भोकं कमी तेवढी बरी. कार्बन तंतूंची काठी विजेची वाहक असते, गडगडाट सुरू झाला की ती आडवी ठेवून किनारा गाठायचा.

लाइफ जॅकेट अंगावर असावं, आसनाखाली नाही. पाण्यात माणसाचं बहुतेक वजन पाणीच पेलतं, डोकं वर ठेवायला काही किलोंचा आधार पुरतो आणि ५० न्यूटनचं साधं जॅकेट पोहता येणाऱ्याला तेवढा देतं. गळ टाकताना हात मोकळे राहतील असं रुंद बगलेचं जॅकेट घ्या, म्हणजे ते काढून ठेवायचा मोह होत नाही. होडीसाठीही तरंगण्याची सोय हवी. १ लिटर हलका फोम जवळजवळ १ किलो पेलतो, म्हणून दोन्ही टोकांना बांधलेले फोमचे ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या बुडालेली कनू पृष्ठभागावर धरून ठेवतात.

सगळं बसवून झालं की ऊन असलेल्या दिवशी, कमरेएवढ्या स्थिर पाण्यात, सोबत कुणीतरी असताना, जॅकेट घालून कनू मुद्दाम उलटवा. फोन, बॅटरी आणि चांगल्या काठ्या किनाऱ्यावर ठेवा, त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या पिशव्या बांधा. आसनाखालून पाय सुटतात का, भरलेली होडी तरंगते का, पाणी उपसून परत चढता येतं का, हे तपासा. जी गाठ सुटली ती बदला, जी वस्तू बुडाली तिला दोरी लावा, आणि मग पुन्हा एकदा उलटवा.