खिशातल्या कॅमेऱ्याचा सिनेमा

फोनमधल्या कॅमेऱ्याचं मूळ शोधत गेलं, तर ते अंतराळयानांपाशी जाऊन पोचतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी यानांसाठी छोटा, कमी वीज खाणारा कॅमेरा करू पाहत होते. त्यातून प्रकाश टिपणारे पिक्सेल आणि त्यांची सर्किटं एकाच चिपवर आणणारा सीमॉस सेन्सर घडला. सिनेमा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

2000 साली जपानमध्ये शार्पचा जे-एसएच04 हा कॅमेऱ्याचा फोन आला. त्याच्या कॅमेऱ्यात जेमतेम 1 लाख 10 हजार पिक्सेल, तेही फोटोपुरते. 2003 च्या सुमारास नोकिया 3650 सारखे फोन व्हिडिओ घेऊ लागले, पण चित्र 176 बाय 144 पिक्सेलचं. माणूस ओळखू यायचा, चेहऱ्यावरचे भाव नाही. तरीही 2005 मध्ये पॅरिसच्या फोरम दे झिमाज या संस्थेने फक्त फोनवर केलेल्या फिल्मचा 'पॉकेट फिल्म्स' महोत्सव सुरू केला. चित्र सुधारण्याची वाट न पाहता कामाला लागलेल्या या मंडळींचं मला जास्त कौतुक वाटतं.

2009 च्या आयफोन 3जीएसवर व्हिडिओ घेता येऊ लागला आणि तिथेच कापताही. पुढच्याच वर्षी आयफोन 4 ने एचडी चित्रण आणलं. 2011 मध्ये दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनी भावासोबत आयफोन 4 वर केलेल्या 33 मिनिटांच्या 'परानमानजांग'ला बर्लिन चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपटाचा गोल्डन बेअर मिळाला. आता कुणीही सिनेमा करू शकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. तो अर्धाच खरा होता. पार्क आधीच नावाजलेले होते, पाठीशी एका टेलिकॉम कंपनीचे पैसे होते आणि सेटवर सराईत युनिट होतं.

माझ्या मते खरा बदल पिक्सेलमुळे झाला नाही. तो एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, आणि फोकस लॉक करता येऊ लागल्यामुळे झाला. फोन सगळं स्वतः ठरवतो. पात्र खिडकीपुढून गेलं की खोली एकदम काळवंडते, मग पुन्हा उजळते. आपल्या शूटची माती होते ती बहुतेक वेळा इथेच. फिल्मिक प्रोसारख्या अ‍ॅपनी हा ताबा चित्रण करणाऱ्याच्या हाती दिला आणि सिनेमासारख्या सेकंदाला 24 फ्रेमही पक्क्या धरता येऊ लागल्या.

अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात 2015 साली आलेल्या दिग्दर्शक शॉन बेकर यांच्या 'टँजरीन' या सिनेमामागे हीच तयारी होती. तीन आयफोन 5एस, आठ डॉलरचं फिल्मिक प्रो, चित्र रुंद करणारी मूनडॉग लॅब्जची अ‍ॅनामॉर्फिक लेन्स आणि हात स्थिर ठेवणारा छोटा स्टेडिकॅम. बेकर स्वतः फोन घेऊन सायकलवरून पात्रांभोवती फिरले. मुख्य भूमिकांतल्या दोघी नवख्या होत्या. समोर मोठा कॅमेरा नसल्यामुळे त्या बुजल्या नाहीत. रंग मात्र नंतर मुद्दाम भडक केले. फोनचं चित्र फिल्मसारखं दाखवायची धडपड त्यांनी केली नाही, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

पुढे दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनी 'अनसेन' (2018) आयफोन 7 प्लसवर केला. 2023 मध्ये आयफोन 15 प्रोवर लॉग चित्रण, म्हणजे मुद्दाम फिकट ठेवलेलं चित्र, आलं आणि रंग नंतर नीट बसवण्याची मोकळीक मिळाली. सीमॉसची जुनी खोड तेवढी पूर्ण गेलेली नाही: बहुतेक फोनचे सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतात, त्यामुळे कॅमेरा झटकन वळवला की विजेचे खांब तिरके होतात.

आवाजाचा इतिहास यापेक्षा खूप छोटा आहे. फोनचा माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरण्यासाठी बनला. फोन सहा फुटांवर नेला, की संवादाबरोबर अख्खी खोली ऐकू येते. 'टँजरीन'चं चित्र फोनवर घेतलं, आवाज मात्र बूम (लांब काठीवरचा माइक) आणि कॉलर माइक लावून वेगळाच रेकॉर्ड केला होता.